बांगडीवालीच्या तोंडी दिलेल्या ओळी

आमच्या बौद्ध लोकांना पालि समजत नाही, पण ओळखू येते. हिंगोलीतल्या कॉलेजात पालि शिकवताना दरवर्षी पहिल्याच तासाला मी हे सांगतो. मुलांना म्हणतो, घरी जाऊन आजीला वंदनेतल्या एखाद्या ओळीचा अर्थ विचारा, ती हसेल. पण लग्नातली ओळ तिच्यासमोर मयतीत म्हणून बघा, ती तुमचा कान पिरगाळेल. पोरं हसतात. बारशाच्या ओळी वेगळ्या, गृहप्रवेशाच्या वेगळ्या, माणूस गेल्यावरच्या वेगळ्या, आणि हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. सुरावरून कळतं. हे उदाहरण मी इतकी वर्षं दिलं की शेवटी ते मला ऐकू येईनासं झालं असावं.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, तुमच्याकडून एखादी गोष्ट काढायची म्हणजे आडातून बादली ओढायची, आणि वर आली की निम्मी सांडलेली. या गोष्टीतलं सांडलेलं पाणीही आता लिहून टाकतो.

तिचा फोन आला तेव्हा उन्हाळा लागायचा होता. माझ्याकडं पालि घेऊन पदवी झालेली मुलगी. माझी थोरली बहीण ज्या आखाडा बाळापुरात दिली, तिथलीच. पुढं ती बाहेर शिकली आणि मुंबईत मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखाली लागली. माझ्याशी बोलताना ती मुंबईचं बोलायची आणि मधेच घरचं निसटायचं.

"सर, एक मोठी ऐतिहासिक मालिका येऊन राहिली," ती म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वीचं व्यापारी गाव. बाहेरच्या देशांत रोमन शिपाई दाखवले की ते लॅटिन बोलतात सर. खाली भाषांतर येतं, लोक आवडीनं बघतात. आमच्या दिग्दर्शकाच्या डोक्यात तेच बसलंय. तेव्हाची माणसं आजची मराठी कशी बोलतील, म्हणतात. म्हणून पालि."

मी मास्तरकी केली. म्हणालो, तेव्हा आपल्याकडचे लोक नेमकी पालि बोलत नव्हते. तिच्या शेजारची एखादी प्राकृत बोलत असतील.

"सर, दिग्दर्शकाला पालि हा शब्द आवडलाय."

"बरं. मग सगळी मालिका पालित?"

"न्हाई सर. हिरो-हिरॉइन मराठीच बोलणार. बाजारातले, शिपाई, भिक्खू, दासी, हे पालित."

"म्हणजे ज्यांना काम कमी, त्यांना भाषा जुनी."

ती हसली. "व्हय सर. ज्यांची नावं शेवटी लई बारीक अक्षरांत येतात, ते."

मी हो म्हणालो. कॉलेजात पालिला दरवर्षी पोरं कमी होत होती, आणि स्टाफरूममधले लोक मला चेष्टेनं 'भंते' म्हणायचे. टीव्हीवर माझी भाषा येणार, हे मला गोड लागलं. हे कबूल करायला हरकत नाही.

कामाची पद्धत अशी होती. ती मराठीतला संवाद पाठवायची. मी पालि करायचो आणि फोनवर म्हणून पाठवायचो, आधी सावकाश, शब्द सुटे करून, मग बोलण्याच्या वेगात. घरी आवाज फार, म्हणून कॉलेजात खेळाच्या सामानाची खोली होती तिथं बसायचो. कुस्तीच्या गाद्या रचलेल्या असायच्या, आवाज घुमायचा नाही. नट-नट्या ते ऐकून जसंच्या तसं घोकायच्या. अर्थ त्यांना मराठीतून ठाऊक, पण शब्द कुठं उचलायचा, कुठं टाकायचा, ते सगळं माझ्या आवाजावरून.

पहिला प्रसंग वेशीवरच्या पहारेकऱ्याचा होता. "तिट्ठ. को त्वं?" थांब, कोण तू? त्या नटानं मुलीकरवी विचारलं, राग कुठल्या शब्दावर घ्यायचा? मी गाद्यांना टेकून बराच वेळ विचार करत बसलो. इतकी वर्षं पालि शिकवली, पण या भाषेत राग कुठं बसतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या प्रसंगात एक आई दारातून पोराला जेवायला हाक मारते. "एहि तात, भत्तं भुञ्ज." ये बाळा, भात खा. हे पाठवलं त्या दिवशी मी घरी गेलो आणि बायकोला कारण नसताना म्हणालो, भात छान झालाय.

बाळापुरात अक्कानं गाजावाजा केलाच होता. "माझ्या भावाची भाषा टीव्हीवर येऊन राहिली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. विहारातल्या बायकांना तर ते ऐकून ऐकून तोंडपाठ झालं. त्या बायकांमध्ये त्या मुलीची आईही होती. शेतात रोजानं जाणारी बाई. लेक शाळेत असताना तिच्याच पुस्तकांवरून वाचायला शिकली. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनीपर्यंत, आमच्या विहारांमध्ये रोज संध्याकाळी मराठीतला धम्मग्रंथ मोठ्यानं वाचतात. बाळापुरात ते वाचन हीच करायची. अडखळायची, बोट ठेवून वाचायची, मोठा शब्द आला की आधी ओठांत म्हणून बघायची. तरी बायका तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसू द्यायच्या नाहीत. तिचं नावच 'वाचणारीण' पडलं होतं.

वैशाखात दाजी गेले. अक्काचे यजमान. दुपारी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेता नेता संपलं. दुसऱ्या दिवशी अंगणात लोक जमले, ऊन चढायला लागलं, आणि भंतेंची गाडी वाटेत बंद पडली. बापेमाणसं म्हणाली, सर आहेत ना. मी म्हणालो त्या ओळी. जे घडलं ते मोडणार, एवढंच त्यांत आहे. मी त्या शेकडो वेळा ऐकल्या होत्या, शिकवल्याही होत्या, पण स्वतःच्या माणसापुढं पहिल्यांदाच म्हटल्या. अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. आमच्यात बांगड्या फोडत नाहीत. संध्याकाळी तिनं स्वतःच हातातल्या काढल्या आणि कपाटात ठेवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीचा फोन आला. बाजाराचा प्रसंग होता. "एक बांगडीवाली आहे सर. गिऱ्हाइकाचा हात धरून बांगड्या चढवते अन् बोलत राहते. चार-पाच वाक्यं. हसत-खेळत. उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे."

मी खोलीत गेलो. गाद्यांवर बसलो. आणि मला काही सुचेना.

भाव विचारायला पालि आहे, ग्रंथांत व्यापारी आहेत, किमती आहेत. पण बांगडीवाली हात दाबत म्हणते ना, 'ढिल्ला सोड की गं हात, नवऱ्याला काय असाच देतीस का,' ते मला त्या भाषेत म्हणता येईना. मला त्या भाषेत उपदेश करता येत होता, वाद घालता येत होता, माणसाला निरोप देता येत होता. बाजार करता येत नव्हता. हे मुंबईला कळवायची मला लाज वाटली. टेबलावर तपासायच्या पेपरांचे गठ्ठे होते, डोकं जड होतं, हेही खरं. पण ती कारणं मी नंतर जुळवली. त्या वेळी एवढंच झालं की तोंडात ज्या ओळी होत्या त्या मी म्हणालो. दाजींच्या अंगणातल्या. मधे मधे तोडल्या, पुढचं मागं केलं, शेवटचा शब्द जरा खेळकर वर उचलला आणि पाठवून दिलं.

तिचा लगेच फोन आला.

"सर, हे आपण माणूस गेल्यावर म्हणतो ते हाय ना?"

"सुटं करून घेतलंय. कळत नाही."

"मला कळलं सर."

"तू शिकलेली आहेस. बाकी कोण ओळखणार आहे? त्यांना नुसता आवाज पाहिजे ना?"

"दुसरं काही देता का सर? मी थांबते. सकाळपर्यंत थांबते."

"अगं, मी सांगतोय ना."

"बरं सर," ती म्हणाली.

'बाकी कोण ओळखणार आहे' हे माझंच वाक्य. ते बोलताना माझ्या डोळ्यासमोर जे बघणारे होते त्यांत अक्का नव्हती, वाचणारीण नव्हती, बाळापूरचा विहार नव्हता. ज्यांच्या घरी ही भाषा रोज संध्याकाळी अगरबत्तीबरोबर बोलली जाते, तेच माझ्या हिशेबातून गेले होते.

वर्षावास नुकताच सुरू झाला होता. मालिका टीव्हीवर लागली होती, पण ती लागायची संध्याकाळी, वाचनाच्याच वेळेला; रविवारी सकाळी तो भाग पुन्हा दाखवतात. तो सगळ्यांनी मिळून विहारात बघायचा असं बायकांनी ठरवलं. कुणाच्या तरी घरून टीव्ही आणला, डिशची वायर खिडकीतून घेतली. मलाही बोलावलं. मला पुढं खुर्ची ठेवली होती.

पहारेकरी ओरडला, बायका खूश. आईनं पोराला हाक मारली तर मागून एक म्हणाली, "बघा गं, जेवायला बोलावून राहिली."

"तुला कसं कळलं?"

"भत्तं म्हणली की. भात. तेवढंबी कळंना व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. बाजार लागला. बैल, कापडाच्या राशी, आणि ती बांगडीवाली. चांगली नटी होती. तिनं एका पोरीचं मनगट धरलं, मान वाकडी करून हसली आणि बोलायला लागली.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. तिच्या शेजारणीनंही जोडले. मग आणखी दोघींनी. सवयीनं. डोळे टीव्हीवर, तिथं बाई हसून बांगड्या चढवतेय, आणि यांचे हात जोडलेले. मग एकेकीच्या ध्यानात आलं आणि हात खाली आले. एक आजी मोतीबिंदूमुळं नुसतं ऐकायला आली होती. तिनं शेजारी चाचपून विचारलं, "कोण गेलं गं?"



अक्का स्वतःच्या मनगटांकडं बघत होती. मग उठली, टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्या वेळी खरं बोललो असतो तर एक दिवसाची शरम होती. मी म्हणालो, "हे माझं नाही. मी वेगळं दिलं होतं. तिकडं घाई असते, पोरींनी कुठून तरी उचललं असेल."

पोरींनी, म्हणालो. अनेकवचनात. पण तिकडं काम करणारी बाळापूरची पोरगी एकच होती आणि तिची आई ग्रंथाच्या चौरंगाजवळ बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग ग्रंथात खुणेची दोरी सारखी केली, वरचं कापड नीट झाकलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती वाचायला आली नाही. बायका बोलत होत्याच. "मुंबईचं पाणी लागलं." "माय हितं ग्रंथ वाचती अन् लेक मयतीच्या ओळी बाजारात ईकती." निंदणीला गेलं तरी पाठीमागं हेच. चौरंगावर दहावीतल्या एका मुलीला बसवलं. ती भराभर वाचायची. अक्का म्हणाली, "एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्यावानी वाचती. कोणती गाडी कुठं गेली काई कळत न्हाई."

दर रविवारी मी अक्काकडं जायचो. दाजी गेल्यापासून नेमच झाला होता. ती चहा ठेवायची आणि विहारातलं सांगायची, मी ऐकायचो. कप खाली ठेवताना दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग कळमनुरीवरून हिंगोलीला जाणारी गाडी यायची वेळ व्हायची.

आणि मुलीचे फोन चालूच होते. नवे प्रसंग, नवे संवाद. ती त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. माझा आवाज तिच्या फोनमध्ये होता. गावातल्या कुणालाही तो ऐकवला असता तर विषय तिथंच संपला असता. उलट म्हणायची, "सर, तुमची वाक्यं आता लई छान येऊन राहिली." ती खरंच चांगली येत होती, कारण मी जीव तोडून करत होतो. एकदा मी विचारलं, गावाकडं सगळं ठीक ना? "हो सर, ठीक." पोळ्याला ती घरी येणार होती. आली नाही.

आश्विन पौर्णिमा जवळ आली. अक्काचा फोन आला.

"त्या पोरीला बोलावलंय," ती म्हणाली. "समाप्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगावं तिनं, काहून केलं असं. माफी मागितली की इषय मिटला. अन् तुझं भाषण हाये, दरसालासारखं. पवारणेवर बोल."

पवारणा म्हणजे काय हे मी दरवर्षी याच विहारात सांगतो. पावसाळाभर एकत्र राहिलेले भिक्खू शेवटच्या दिवशी एकमेकांपुढं बसतात आणि म्हणतात, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तर सांगा. मला ते भाषण पाठ आहे. कुठं थांबायचं, कुठं बायका मान हलवतात, तेही ठाऊक.

समाप्तीच्या दिवशी मी सकाळीच निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालू होती, यंत्रांचा धुरळा एसटीत येत होता. अक्का ओट्यावर सोयाबीन पाखडत बसली होती. मी शेजारी बसलो.

"अक्का, त्या ओळी मीच दिल्या होत्या."

"कोणत्या?"

"बांगडीवालीच्या."

सूप थांबलं नाही. दोन-तीनदा वर-खाली झालं. मग तिनं ते मांडीवर टेकवलं.

"आपल्या अंगणात जसं म्हणला होतास, तसाच सूर होता त्या बाईचा," ती म्हणाली. "तिथंच वर, तिथंच खाली. मला त्या येळेलाच वाटलं, ही माझ्या भावावानी काहून म्हणून राहिली?"

मी त्या नटीला सावकाश, शब्द सुटे करून शिकवलं होतं. ती इमानानं शिकली होती.

"मग विचारलं नाहीस?"

"विचारलं की. तू न्हाई म्हणला." तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. "भाऊ न्हाई म्हणतो म्हणल्यावर पुन्हा कसं विचारू? मी त्या पोरीला धरलं. अन् तू हितं बसून चहा पेत होतास."

"चुकलं अक्का."

"मला काहून सांगून राहिला? तिच्या मायला सांग जा."

वाचणारणीचं घर दोन गल्ल्या पलीकडं. ती अंगणात हात-पाय धूत होती. दारात प्रवासाची बॅग होती, म्हणजे मुलगी आली होती. "जयभीम सर, बसा," ती म्हणाली आणि पदरानं हात पुसत उभी राहिली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा आला असता. उभ्यानंच सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय सर," ती म्हणाली.

मला वाटलं अक्काकडच्या कुणी आधीच येऊन सांगितलं. पण तसं नव्हतं.

"त्याच रविवारी फोनवर सांगितलं लेकीनं. म्हणली, सरांचं नाव घेऊ नको. त्या ओळी दिल्या तवा त्यांचे दाजी जाऊन महिनाबी झाला न्हवता. डोकं ठिकाणावर नसंल त्यांचं. शपथ घातली."

"मग तुम्ही इतके दिवस..."

"काय करू? राग आला व्हता. तुमच्यावर न्हाई, तिच्यावर. म्हणलं, मास्तरापायी मायला खाली बघाया लावलं." ती बोलत होती त्या आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळं ते जास्त लागलं. "तुमच्यावरबी आला. मंग आला. रोज संध्याकाळी वाचायची येळ झाली की यायचा."

मुलगी आतून दारात आली होती. पूर्वी वर्गात उशीर झाला की उभी राहायची तशीच उभी राहिली.

"मी आज संध्याकाळी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"सांगा," आई म्हणाली. "माझ्या वट्यावर सांगून काय उपेग?"

विहार भरला होता. बायका शेतातून आलेल्या, कुणाच्या पदरावर अजून सोयाबीनचं भूस. खीर शिजत होती. मुलगी आईशेजारी, भिंतीलगत बसली होती आणि तिच्या आसपास जागा मोकळी होती. वंदना झाली. माझं नाव पुकारलं.

मी पवारणेवर बोललो नाही. म्हणालो, बांगडीवालीच्या ओळी मी दिल्या. या मुलीनं मला दोनदा विचारलं, दुसरं द्या म्हणाली, मी तिला गप्प केलं. मग इथं बसून तिच्यावर ढकललं. तिचा आणि तिच्या आईचा काही दोष नाही. एवढंच होतं. बोलायला लागलो तर ते भाषणाच्या मानानं फारच थोडं निघालं.



"मंग त्या लेकराला एवढ्या लांबून काहून बोलावलं?" एक बाई म्हणाली.

"तुमीच बोलावलं," दुसरी म्हणाली.

"सर, बांगडीवालीला बोलता येत न्हवतं तर गप ठेवायची की. नुसती हासली असती."

दोघी-तिघी हसल्या. मोतीबिंदूवाल्या आजीनं शेजारणीला सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी कुणीच गेलं न्हवतं व्हय? म्या चार दिवस इचार करून राहिले."

आता बऱ्याच जणी हसल्या. मी उभाच होतो. अक्का हसली नाही. ती उठली, वाचणारणीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं. चल, शेवटचा भाग उरलाय. वाच."

"मधलं म्या ऐकलं न्हाई."

"मधलं आमीबी न्हाई ऐकलं. गाड्या पुकारत व्हती ती."

दहावीतली मुलगी लाजून बाजूला सरकली. वाचणारीण चौरंगाजवळ बसली, कापड उघडलं, बोट ठेवलं. पहिल्याच ओळीत एका लांब शब्दापाशी अडली, ओठांत म्हणून बघितला, मग मोठ्यानं म्हणाली. कुणी घाई केली नाही.

खीर खाताना मुलगी माझ्याजवळ आली. कामाचंच बोलली. "सर, ती बांगडीवाली लोकांना आवडली. पुढं परत येणार हाय. वाक्यं लागतील."

"मला बाजार करता येत नाही गं," मी म्हणालो. हे मी त्या दुपारीच म्हणायला हवं होतं.

"मग मायला विचारू की. ती मराठीत सांगील, तुमी पालि करा."

तिनं तिथंच आईला ओढून आणलं. आणखी दोन-तीन बायका आपण होऊन आल्या. एकीनं दुसरीचं मनगट धरलं, दुसरी ओरडली, "लई सांगून राहिली, ठेव तुझ्या बांगड्या." मी खिरीची वाटी खाली ठेवून जुळवाजुळव केली. अतिमहग्घं.

"महाग म्हणली ना?" वाचणारीण म्हणाली.

"तेच."

"मंग एवढं अवघड काय व्हतं त्यात?"

अवघड नव्हतंच. फक्त विचारायचं होतं.

उजेड होता तोवर निघालो. अक्का मला एसटीपर्यंत पोचवायला आली. ती एरवी येत नाही. रस्त्याला ट्रकांची रांग होती, आम्ही कडेनं चालत होतो. स्टँडवर गाडी लागलेली दिसली तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू? मला राग न्हाई आता."

"हं."

"पण मी गेले ना, तर त्या ओळी तू म्हणू नको. भंतेला उशीर झाला तर थांबा. कितीबी उशीर होऊ दे. मला तुझ्या तोंडून ऐकल्या की ती बाई दिसती, हासताना."

"बरं," मी म्हणालो.

तिनं हातातली पिशवी दिली. आत खिरीचा डबा होता. "सांडू नको," ती म्हणाली, आणि गाडी हलायच्या आत वळून विहाराकडं गेली.